मोठे ब्रेक घ्यायच्या आधी चाक उलटं करून बघा

(या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. बोलता बोलता झालेलं पाल्हाळ थोडं कापलंय, थोडं मुद्दाम ठेवलंय.)

आजची गोष्ट एका पंक्चरपासून सुरू होते. पावसाळ्यातली रात्र, साडेअकराची वेळ, एक्स्प्रेसवेवर खालापूरच्या अलीकडे. मी आणि माझा मित्र त्याच्या पोलोतून पुण्याहून परत येत होतो. पुढचं डावं चाक बसलं. गाडी कडेला घेतली, पार्किंग लाइट लावले, जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी उचलून हबवर ठेवली आणि ती बसेचना. बोल्ट घालायचा तर भोकं जुळतायत, पण रिम हबला टेकत नाहीये. मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाकून बघितलं, तर स्टेपनीच्या आतल्या कडेला ब्रेकचा कॅलिपर अडत होता.

महिनाभर आधी या पठ्ठ्याने पुढचे ब्रेक मोठे करून घेतले होते. अलॉयच्या आत ते व्यवस्थित मावत होते. स्टेपनीला विचारलंच नव्हतं कुणी!

त्या रात्री काय केलं ते पुढे सांगतो. आधी आजचा विषय: गाडीला मोठे ब्रेक लावायचे असतील, तर ते आहे त्या चाकात मावतील की नाही हे पैसे मोजायच्या आधी कसं ओळखायचं. नवी मुंबईत राहणाऱ्यांना शिरवणे माहीत असेलच. जुईनगर आणि नेरूळच्या मधे, सायन-पनवेल हायवेला लागून गावठाण आणि एमआयडीसी. शोरूम, सर्व्हिस सेंटर, डेंटिंग-पेंटिंगवाले, टायरवाले, लेथवाले, सगळं एका फेरीत. ब्रेक बदलण्याचं काम इथेच झालं होतं आणि नंतर ते निस्तरायलाही आम्ही इथेच आलो. या भागातली मापं त्या दुसऱ्या खेपेतली आहेत. ज्यांच्या लिफ्टखाली उभं राहून घेतली, त्या मेस्त्रींना मी दादा म्हणतो, तेव्हा इथेही दादाच.

इंचाच्या आकड्यावर जाऊ नका

गाडी पोलो आहे म्हणून पोलोचंच उदाहरण. आणि तसंही मराठी मुलखात ब्रेक, सस्पेन्शन, रिम यांच्याशी खेळणाऱ्या पोरांची ही लाडकी गाडी. आपल्या चाकणमध्ये २००९च्या शेवटी बनायला लागली, २०२२मध्ये बंद झाली, पण सेकंडहँडमध्ये अजून तिची क्रेझ आहे. वर्ष आणि मॉडेलप्रमाणे तिला १४, १५ आणि शेवटी शेवटी १६ इंची चाकं आली. माझ्या मित्राच्या गाडीत पुढे २५६ मिमी व्यासाची डिस्क होती. फोक्सवॅगन-स्कोडा कुटुंबातल्या मोठ्या गाड्यांत २८८ आणि ३१२ मिमीच्या डिस्क येतात. त्यामुळे थोरल्या भावाचे ब्रेक धाकट्याला, हा प्रयोग बरेच जण करतात. याने २८८ घेतली.

आता बहुतेकांचं गणित असं असतं: १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. डिस्क २८८ची. म्हणजे ९३ मिमी जागा शिल्लक! भरपूर झाली की.

इथेच फसायला होतं. १५ इंच हे माप आहे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथलं, म्हणजे रिमच्या बाहेरच्या अंगाचं. ब्रेक राहतो आतल्या अंगाला. आत यायला आधी धातूची जाडी ओलांडावी लागते. शिवाय टायर चढवता यावा म्हणून रिमला मधे गोल खळगा दिलेला असतो, म्हणजे तिथे रिम आणखी आत येते. हा खळगा किती खोल आणि नेमका कुठे, हे प्रत्येक रिमचं वेगळं. त्यामुळे "१५ इंची चाकात अमुक ब्रेक बसतो" हे वाक्य अर्धंच खरं. एका १५ इंची रिममध्ये बसेल, दुसऱ्या १५ इंचीत घासेल.

दुसरी गोष्ट, डिस्क एकटी नसते. तिच्या कडेवरून कॅलिपर पुलासारखा पलीकडे जातो, आणि या पुलाची जाडी डिस्कच्या बाहेर असते. म्हणजे मावायचं आहे ते डिस्कला नाही, डिस्क अधिक पुलाला.

दादांनी आमच्यासमोर केलेलं गणित सांगतो, कागदावर लिहून घ्या. २८८ची निम्मी १४४. डिस्कच्या कडेपासून कॅलिपर बाहेर आला २५ मिमी. एकूण १६९. म्हणजे हबच्या मध्यापासून ब्रेकचं सगळ्यात लांबचं टोक १६९ मिमीवर. मित्राच्या अलॉयचा आतला व्यास, खळग्याजवळ सगळ्यात अरुंद जागी, भरला ३४६ मिमी. त्याची निम्मी १७३. राहिले ४ मिमी. ९३ कुठे आणि ४ कुठे!

आता स्टेपनी. ती होती १४ इंची, लोखंडी. आतला व्यास ३२० म्हणजे निम्मी १६०. ब्रेकला पाहिजेत १६९. नऊ मिलिमीटर कमी. खालापूरला आम्ही दोघं जे ढकलत होतो, ते हे नऊ मिलिमीटर. जुन्या डिस्कला हीच स्टेपनी चालत होती, कारण २५६ची निम्मी १२८ अधिक साधारण तेवढाच पूल, झाले १५३. सात मिमी मोकळे. म्हणजे गाडी घेतली तेव्हा स्टेपनी बरोबर होती. आपण ब्रेक बदलले आणि ती चुकीची झाली.

हीच बेरीज ३१२च्या डिस्कला लावली तर १५६ अधिक २५, म्हणजे १८१. या १५ इंची अलॉयमध्ये प्रश्नच नाही, १६ इंची पाहिजेत. पण हे आकडे त्या एका गाडीच्या त्या रिमचे आहेत. तुमचे तुम्ही मोजायचे.

दुसरी जागा, जी कुणी बघतच नाही

आत्तापर्यंत आपण चाकाच्या गोलाईकडे बघितलं. पण ब्रेक आणखी एका जागी अडतो: चाकाच्या समोरच्या काड्यांच्या, म्हणजे स्पोकच्या, पाठीला.

गाडीबरोबर आलेला साधा कॅलिपर बहुतेक तरंगता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला नुसती धातूची बोटं. त्यामुळे बाहेरून तो चपटा. शर्यतीच्या गाड्यांसारखे चार किंवा सहा पिस्टनवाले जे रंगीत कॅलिपर तुम्ही रीलमध्ये बघता, त्यांना दोन्ही बाजूंना पिस्टन असतात. साहजिकच बाहेरची बाजू फुगीर. गोलाईत हा कॅलिपर आरामात मावतो आणि स्पोकला जाऊन टेकतो, असं खूपदा होतं. लाल कॅलिपर दिसावा म्हणून घेतलेली मोकळ्या काड्यांची चपटी डिझायनर रिम तर यात हमखास मार खाते, कारण तिच्या काड्या पाठीमागे सपाट असतात. दिसायला मोकळी म्हणजे आतून मोकळी असं काही नाही.

हे मापायला चाक जमिनीवर उलटं ठेवा. सुंदर बाजू खाली, आतली बाजू वर. खाली जुनी सतरंजी किंवा पोतं टाका, ओरखडा पडला की मला शिव्या देऊ नका. आता रिमच्या आतल्या कडेवर आडवी लोखंडी पट्टी ठेवा. पट्टीपासून खाली, मधल्या सपाट भागापर्यंत, म्हणजे जो भाग हबला टेकतो तिथपर्यंत, मोजा. आमच्या चाकाचं आलं १२१ मिमी. मग पट्टीपासून खाली काडीच्या पाठीपर्यंत मोजा. तेही कॅलिपर मध्यापासून जेवढ्या अंतरावर येणार आहे त्याच अंतरावर. आलं १५०. फरक २९. म्हणजे हबच्या पातळीच्या पुढे कॅलिपरला २९ मिमी जागा आहे. नवा कॅलिपर डिस्कच्या टेकणाऱ्या तोंडापासून बाहेर येत होता २५. राहिले ४ मिमी.

किती राहिले म्हणजे पुरे? दोन्हीकडे निदान ३ मिमी मी तरी सोडतो. चाक उभं असताना एक मिमी पुरे वाटतो. पण वळणावर चाक आणि हब थोडे लवतात, बेअरिंगला बारीक प्ले असतो, ब्रेक तापून फुगतो आणि बारीक खडी आत शिरते. शिवाय आपल्याकडचे खड्डे! पावसाळ्यात रिमला बाक येतो, मग आपण ती सरळ करून घेतो. सरळ केलेली रिम बाहेरून चकाचक दिसते, आतून पूर्ण गोल असतेच असं नाही. म्हणून आतला व्यास एकाच जागी न मोजता चार-पाच ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा.

आणि हो, बॅलन्सिंगची वजनं! अलॉयला ती आतून चिकटवतात. चार मिमी जागा आणि त्यात चार मिमी जाडीचं वजन, म्हणजे शून्य. नव्या ब्रेकनंतर टायरवाल्याकडे जाल तेव्हा त्याला दाखवा की वजनं कॅलिपरच्या वाटेत येणार नाहीत अशी लाव. त्याला सवयीची जागा तीच असते, त्याचा दोष नाही.

पुठ्ठ्याची युक्ती

माझा सगळ्यात आवडता भाग. ब्रेकचं किट बनवणाऱ्या बऱ्याच नामांकित कंपन्या कॅलिपरच्या बाह्यरेषेचं खऱ्या मापाचं चित्र देतात. ते छापायचं, जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं, कापायचं. झाला साचा. उलट्या ठेवलेल्या चाकात साच्याची सपाट बाजू मधल्या भागावर टेकवायची, खुणेचा मध्य चाकाच्या मध्यावर धरायचा आणि पूर्ण गोल फिरवायचा. एका जागी ठेवून "बसतंय" म्हणायचं नाही, प्रत्येक काडीखालून जाऊ द्या. फट मोजायला ३ मिमीची ॲलन की घ्या. ती सगळीकडून सहज गेली पाहिजे.

यात एक गंमत होते. तुम्ही पीडीएफ मोबाइलवरून झेरॉक्सवाल्याला पाठवता, तो बटण दाबतो आणि प्रिंटर कागदात मावावं म्हणून चित्र जरासं लहान करतो. समजा ९७ टक्के केलं. १६९चे झाले १६४. पाच मिमी गायब! तुमची शिल्लक जागाच मुळात चार होती. म्हणजे पुठ्ठा मस्त फिरणार आणि ब्रेक अडणार. म्हणून "ॲक्चुअल साइझ" सांगून प्रिंट घ्या आणि चित्रावर दिलेली मापरेषा पट्टीने तपासा. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने अंतर मोजणारी ॲप्स? खोलीत सोफा मावेल का बघायला ठीक आहेत. इथे भांडण मिलिमीटरचं आहे.

सेकंडहँड माल घेत असाल तर चित्र कुठलं मिळणार? कुर्ल्याच्या भंगार बाजारातून कॅलिपर उचलणारे आपल्यातच आहेत. त्यांनी पुठ्ठा स्वतः आखायचा. डिस्कवर कॅलिपर चढवून दोन मापं घ्या: मध्यापासून कॅलिपरच्या सगळ्यात लांबच्या टोकापर्यंत आणि डिस्कच्या टेकणाऱ्या तोंडापासून कॅलिपरच्या सगळ्यात बाहेरच्या भागापर्यंत. तरंगता कॅलिपर असेल तर नवे पॅड घालून मोजा. पॅड झिजतात तसा हा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो, त्यामुळे झिजलेल्या पॅडवर मोजलं तर जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पॅड बदलले की नेमकं घासायला लागतं आणि मग आपण पॅडवाल्याशी भांडतो.

गाडीवर ब्रेक चढल्यावर शेवटची परीक्षा लहान मुलांच्या क्लेची. कॅलिपरच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर क्लेच्या छोट्या गोळ्या चिकटवा, चाक बसवा, सगळे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, चाक हाताने सावकाश फिरवा, मग काढा. गोळी दबून जेवढी जाड उरली, तेवढी तिथली फट. हे दादांना आम्ही करायला लावलं तेव्हा त्यांनी आधी तोंड वाकडं केलं. नंतर म्हणाले, "ही क्ले इथेच ठेवून जा."

स्पेसर, ग्राइंडर आणि इतर जुगाड

घासत असेल तर गॅरेजमध्ये पहिलं उत्तर येतं, "स्पेसर टाकू की." हब आणि चाकाच्या मधे चकती टाकली की चाक तेवढं बाहेर येतं. ५ मिमीचा स्पेसर टाकला तर स्पोकपाशी ५ मिमी जागा वाढते, बरोबर. पण गोलाईत? तिथे चाकाचा व्यास तोच, ब्रेकची उंची तीच. आमच्या स्टेपनीचा नऊ मिमीचा प्रश्न कुठल्याच स्पेसरने सुटला नसता. तेव्हा आधी बघा, अडतंय कुठे.

स्पेसर टाकलाच तर तो हबच्या मापाचा हवा. पोलोला मधलं भोक ५७.१ मिमी, स्विफ्ट आणि आय२०ला ५४.१, होंडा सिटीला ५६.१. ढिला स्पेसर म्हणजे स्टिअरिंगला थरथर. पोलोला नट नसतात, बोल्ट असतात, तेव्हा स्पेसरच्या जाडीएवढे लांब बोल्टही लागतात. जुनेच बोल्ट वापरले तर ते कमी आट्यांवर धरतात, आणि हा धोका बाहेरून दिसत नाही. पोलोच्या चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. टॉर्क पाना वापरा, पाण्यावर उभं राहून उड्या नकोत.

दुसरा जुगाड ग्राइंडर. कॅलिपरचा कोपरा थोडा घासून काढू, रिमला आतून थोडी धार मारू. याला माझं उत्तर सरळ नाही आहे. त्या धातूच्या आत दाबाखाली ब्रेक ऑइल आहे आणि त्या रिमवर तुम्ही बसलेले आहात.

पण मोठे ब्रेक हवेत कशाला?

हा प्रश्न खरं तर सुरुवातीला विचारायचा. एकदाच जोरात ब्रेक मारायचा असेल तर गाडी किती अंतरात थांबेल हे बहुतेक टायर ठरवतो. तुमचे आत्ताचे ब्रेक चाक लॉक होण्याच्या हद्दीपर्यंत, म्हणजे एबीएस जागं होईपर्यंत नेत असतील, तर मोठ्या डिस्कने पहिल्या ब्रेकला काही जादू होत नाही. मोठ्या डिस्कचा फायदा उष्णतेत आहे. जास्त लोखंड, जास्त पृष्ठभाग, म्हणून उशिरा तापणार आणि लवकर थंड होणार.

आकड्यात सांगतो. बाराशे किलोची गाडी १००च्या वेगातून थांबवली की ब्रेकमध्ये साधारण ४६३ किलोज्यूल उष्णता जाते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो. तेवढ्याच गाडीची ती ऊर्जा होते सुमारे ६,४७० किलोज्यूल. म्हणजे १००च्या वेगातून चौदा वेळा थांबल्याएवढी! यातली बरीच हवा आणि इंजिन खातात, जर तुम्ही खालच्या गिअरमध्ये उतरत असाल तर. न्यूट्रलमध्ये टाकून "पेट्रोल वाचवत" उतरणारे महाभाग ती जवळपास सगळी ब्रेकच्या गळ्यात घालतात.

त्यामुळे घाटात पेडल मऊ होतंय अशी तक्रार असेल तर आधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा! डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवं. ओल शोषल्यावर त्याच प्रतीची किमान अट १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलणं, चांगले पॅड, चांगले टायर, हे सगळं मोठ्या किटच्या मानाने स्वस्त पडतं. माझ्या मित्राने यातलं काहीच न करता थेट डिस्कला हात घातला, हे त्याच्या तोंडावर सांगून झालंय.

फक्त पुढची डिस्क मोठी केली की पेडलवर तेवढाच पाय दाबूनही पुढचा ब्रेक जास्त धरतो. १२८ वरून १४४ म्हणजे साधारण आठवा हिस्सा जास्त. मागचा तसाच राहतो, म्हणजे पुढच्या-मागच्याचा तोल बदलतो. म्हणून त्याच कुटुंबातले, जुळणाऱ्या पिस्टनचे ब्रेक घेणं बरं. भलत्याच गाडीचा कॅलिपर लटकवणं टाळा.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलात बदल होईल असे फेरफार करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्यामुळे किट घ्यायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

तर, खालापूर

त्या रात्री सुचलं ते असं. मोठे ब्रेक फक्त पुढे होते. मागे जुनंच. मग मागचं डावं अलॉय काढून पुढे लावलं आणि स्टेपनी मागे. दोनदा जॅक, दहा बोल्ट, धो धो पाऊस आणि शेजारून जाणारे ट्रेलर. स्टेपनीचं काम पाऊण तास चाललं. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. १९०४च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी सुटं चाक विकायला काढलं होतं. हे मी मित्राला तेव्हाच सांगितलं. त्याने काय उत्तर दिलं ते इथे छापता येत नाही.)

शिरवण्याला सगळी मापं घेऊन झाल्यावर त्याने जुनी १५ इंची लोखंडी रिम शोधायला घेतली. १८५/६० आर१५ टायरचा बाहेरचा व्यास १७५/७० आर१४पेक्षा जेमतेम अडीच मिमीने जास्त, म्हणजे डिकीतल्या खाचेत अडचण नव्हती. कुर्ल्याला आम्ही खिशात पुठ्ठा घेऊनच गेलो. पहिली रिम काडीपाशी अडली. दुसरी आतून चेपलेली निघाली. दुकानदार म्हणाला, "अरे, १५ म्हणजे १५च असते, काय बघताय एवढं?" तिसरीत पुठ्ठा पूर्ण गोल फिरला, ॲलन की पण गेली. तीच घेतली. घरी न नेता आधी दादांकडे जाऊन पुढच्या दोन्ही हबवर लावून बघितली, आणि मगच तिच्यावर टायर चढवला.

पुढच्या भागात मागच्या ड्रमच्या जागी डिस्क टाकण्याबद्दल बोलू. त्यात हँडब्रेकचं काय होतं, हा खरा घोळ आहे. भेटू!